सरजाबाईची मूठ आणि धर्माबादची तलवार

अहमदपूरहून आमच्या गावाकडं येताना डांबरी रस्ता संपतो आणि काळं रान सुरू होतं. त्या रानाची तारीफ दुसऱ्यानं करावी अशी आम्हाला गरज नाही. पायाला लागलेली माती दोन पाण्यानं धुतली तरी नखात उरते, आणि नखात उरलेली ती माती घेऊन आमची माणसं लातुरात आणि नांदेडात जातात, तेव्हा ती कुठली आहेत हे विचारावं लागत नाही. या मातीत सरजाबाईच्या हातानं किती बी पडलं, ते कुणी मोजलेलं नाही.

तिफणीची पेरणी आता पाहायला मिळत नाही, म्हणून सांगतो. तिफण म्हणजे तीन दात्यांचं लाकडी अवजार. पुढं बैल, मागं हाकणारा, आणि तिफणीच्या वर लाकडाचं वाटीसारखं चाडं. त्याच्या बाजूनं एक बाई चालते. तिच्या ओटीत बी असतं. ते ती मुठीनं घेते आणि चाड्यात सोडत जाते, तिथून ते नळ्यांतून दात्यांमागं मातीत पडतं. मूठ सैल पडली की बी दाट पडतं, आवळली की विरळ पडतं, आणि बाईचं मन दुसरीकडं गेलं की रानात टक्कल राहतं. सरजाबाईच्या मुठीतून बी सुटायचं ते झोपलेल्या लेकराच्या श्वासासारखं. एका चालीनं, न थांबता.

पण लोक तिला एवढ्यासाठीच बोलवत नव्हते. सरळ मूठ दुसऱ्या बायांचीही होती. लोक बोलवत होते तिच्या हातगुणासाठी. तिच्या हातानं पहिला तास, म्हणजे पेरणीची पहिली ओळ, पेरला की रान भरतं, असं सगळे मानायचे. रानधनी आदल्या दिवशी तिच्या दारात यायचा आणि उभ्यानंच म्हणायचा, "मावशी, उद्या मूठ धरायला या." मग ती सकाळी जायची, तिफणीपुढं वाकायची, चिमूटभर माती कपाळाला लावायची आणि पदर खोचायची.

मग गावात ट्रॅक्टरवरचं पेरणी यंत्र आलं. आणलं कुणी, तर तिच्याच पोरानं, शिवमनं. यंत्रात बी ओतायचं आणि दांडा खाली करायचा. शिवमची काही चूक नव्हती. सरजाबाईनंच त्या यंत्राला हळदीकुंकू लावलं आणि नारळ फोडला. त्या दिवसापासून तिला बोलावणारं एकच घर उरलं. शेजारच्या प्रेमलाबाईचं.

प्रेमलाबाईचा एक तुकडा विहीर आणि नाल्याच्या मध्ये आहे, तीन कोपऱ्यांचा. तिथं ट्रॅक्टर वळत नाही. तेवढा तुकडा दरवर्षी तिफणीनं पेरायचा आणि मूठ सरजाबाईनं धरायची. दोघी एकाच साली या गावात नांदायला आलेल्या. एकमेकींना एकेरी बोलायच्या, भांडायच्या आणि परत एकाच पाट्यावर मिरची वाटायच्या.

गेल्या साली त्या तुकड्यात हरभरा पेरला आणि तो उगवला नाही. अगदीच उगवला नाही असं नाही, पण वाळवीनं खाल्लेल्या घोंगडीसारखा उगवला. इथं चार, तिथं दोन, मध्ये नुसती भुई. प्रेमलाबाईनं नाव ठेवलं नाही. पण गिरणीवर दळण घेऊन बसलेली एक बाई दुसरीला म्हणाली, "सरजाबाईचा हात गेला आता." सरजाबाई मागंच उभी होती. तिनं आपलं पीठ डब्यात भरून घेतलं, झाकण लावलं आणि घरी आली.

त्या दिवसापासून तिनं दुधाला विरजण लावणं सोडलं. रोज सांजेला सुनेला हाक मारायची, "पुनम, विरजण तू लाव गं." सुनेला आधी वाटलं, सासू काम टाळतेय. मग एक दिवस तिनं पाहिलं, अंगणातल्या कुंडीत मिरचीचं रोप लावायचं होतं, तर सरजाबाई रोप हातात घेऊन नुसतीच बसली होती आणि नंतर ते तिनं शेजारच्या पोरीच्या हातात दिलं. आपल्या हाताकडं ती अशी बघायची, जसं पाहुण्या माणसाकडं बघावं. तू कोण, कशाला आलास, किती दिवस राहणार.

आता सुनेचं सांगायला पाहिजे. पुनम लातूरची. शहरात वाढलेली, बोलायला तिखट, कामाला चपळ. दुपारी भांडी झाली की ओसरीवर खांबाला टेकून बसायची आणि मोबाईलवर खेळायची. खेळ साधा नव्हता. त्यात प्रत्येकाचा एक योद्धा असतो. त्याला तलवार, ढाल आणि चिलखत असतं. देशभरातले लोक एकाच वेळी त्या खेळात हिंडत असतात, टोळ्या करून राक्षसांशी आणि एकमेकांशी लढत असतात. कानाला लावलेल्या तारेतून टोळीतल्या माणसांशी बोलता येतं. पुनमच्या टोळीत लातूर आणि नांदेडकडचेच लोक होते.

सरजाबाईला पहिल्यांदा काही वेगळंच वाटलं होतं. एक दिवस ती दारात येऊन उभी राहिली.

"कुणाशी भांडून राहिली गं एवढं?"

"राक्षसाशी, आत्या." सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत आहे.

"राक्षस कुठला?"

"ते म्हाईत न्हाई. हैदराबादकडचा असंल."

"त्याला मारू मारू म्हणालीस ते ऐकलं. अन् मग भाऊ भाऊ म्हणालीस ते कुणाला?"

"ते आमच्या टोळीचे. मल्लेशभाऊ. धर्माबादचे मिरचीचे व्यापारी हायत."

"व्यापाऱ्याला दुपारचं काम न्हाई?"

"तुम्हाला हाय का?" पुनम बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पण सरजाबाई रागावली नाही. तिला दुपारचं काम नव्हतं हे खरं होतं. ती येऊन सुनेच्या बाजूला बसली.

असं बसता बसता तिला त्या खेळातलं थोडं कळू लागलं, आणि जेवढं कळलं तेवढी ती जास्त गोंधळली. त्या खेळात तलवार विकत घेऊन भागत नाही. ती वाढवत न्यावी लागते. खेळातच एक भट्टी आहे. तिथं तलवार ठेवायची, सोबत एक चमकता दगड ठेवायचा आणि बटण दाबायचं. मग घणाचे तीन घाव ऐकू येतात. तलवार वाढली तर घंटा वाजते आणि ती एक पायरी वर जाते. नाही वाढली तर दगड गेला आणि तलवार एक पायरी खाली आली. चिलखताचं तसंच, ढालीचं तसंच. जसजसं वर जावं तसतशी वाढायची आशा कमी होत जाते.

पुनमची तलवार सहावरून सातवर जाईना. एका दुपारी तिसऱ्यांदा ती पाचवर आली, तेव्हा पुनमनं मोबाईल वाकळेवर फेकला.

"काय झालं माय?"

"नसीबच फुटकं हाय. इथं लिहिलंय बघा, शंभरातल्या तीस वाढतात. माझी एक वाढंना."

"शंभरातल्या तीस. कोणत्या तीस?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणत्या तीस वाढणार हे ठरलेलं असंल ना. ते सांगितलं तर बाकीच्यांनी दगड कशाला घालावा?"

पुनमला हसू आलं. सरजाबाईला मात्र वर्षाआधीची गोष्ट आठवली. शिवमनं बियाण्याची पिशवी आणली होती आणि तिच्यावरचं वाचून दाखवलं होतं, शंभरातले पंच्याऐंशी उगवतात म्हणून. तेव्हाही तिनं विचारलं होतं, राहिलेले पंधरा कोणते? शिवम म्हणाला होता, माय, तू लई इचार करतीस. तिनं मग मूठ थोडी सैल सोडली होती. पंधरा गेले तर जाऊ देत म्हणून थोडं जास्त बी टाकलं होतं. रानात तसं करता येतं. पण इथं एकच तलवार. एकच दाणा कुणी पेरतं का?

पुनमला काय सुचलं कुणास ठाऊक. ती म्हणाली, "आत्या, तुमचं बोट द्या."

"नको. माझा हात न्हाई राहिला तसला."

"अवो, पाचवरनं चारवर गेली तर गेली!" असं म्हणून तिनं सासूचं बोट धरलं आणि बटणावर टेकवलं.

ठण्. ठण्. ठण्. घंटा वाजली. तलवार सहावर आली. पुनमनं दुसरा दगड ठेवला, परत बोट धरलं. परत घंटा. तलवार सातवर गेली आणि निळी झाली, चुलीतल्या जाळाच्या मुळाशी असते तशी निळी. पुनमनं ओसरीवरच उडी मारली. सरजाबाईनं बोट पदराला पुसलं, जसं काही त्याला ओलं लागलं होतं.

बातमी टोळीत गेली. दुसऱ्या दिवशी उदगीरच्या अमरेशनं आपलं चिलखत पुनमकडं धाडलं. तो शाळेत विज्ञान शिकवतो. या खेळात एकाची वस्तू दुसऱ्याच्या पेटीत देता येते. सोबत निरोप होता, "सासूबाईंचा हात लागू द्या." हात लागला आणि चिलखत वाढलं. मग नांदेडहून कुणाची ढाल आली, कुणाचं शिरस्त्राण आलं. दुपारच्या वेळी सरजाबाई पाय पसरून बसायची, पुनम एकेक वस्तू भट्टीवर ठेवायची आणि सरजाबाई बोट टेकवायची. बटण दाबायच्या आधी ती अंगणातली चिमूटभर माती कपाळाला लावू लागली. पुनम म्हणाली, "माती लावलेलं बोट पडद्याला नका लावू, ओरखडा पडंल." म्हणून माती डाव्या हातानं आणि बटण उजव्या हातानं, असं ठरलं.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सरजाबाईनंच आम्हाला सांगितली आणि विचारली. तिच्या हातानं सगळंच वाढलं नाही. काही ढाली खाली आल्या, एक शिरस्त्राण तर दोनदा आलं. पण ज्यांचं खाली आलं ते म्हणाले, दगड खराब होता. ज्यांचं वर गेलं ते म्हणाले, अक्काचा हात, कारण टोळीत तिला आता अक्काच म्हणत होते. हरभऱ्याच्या वेळी याच्या उलटं झालं होतं. तेव्हा वर्षानुवर्षं उगवलेल्या रानाची कुणी आठवण काढली नाही, आणि न उगवलेला एक तुकडा तिच्या हातावर टाकला.

"तिकडची माणसं तशी, इकडची अशी," ती म्हणायची. "मी तर तीच हाय. मग हात कुठला खरा?"

पण एवढं खरं की त्या आठवड्यात तिनं सांजेला सुनेला हाक मारली नाही. दूध कोमट केलं, आपल्या बोटानं विरजण लावलं आणि भांडं झाकून ठेवलं. सकाळी दही लागलं होतं, वडी पडेल असं. पुनमनं पाहिलं आणि ती वाट्या काढायला गेली. शहाणी सून.

या सगळ्यात प्रेमलाबाईकडून मात्र बोलावणं आलं नव्हतं. रब्बीचे दिवस होते. पाऊस सरून रान वापशावर येऊ लागलं होतं. म्हणजे ओल अशी की माती हाताला चिकटत नाही आणि कोरडीही वाटत नाही. तीन कोपऱ्यांचा तुकडा अजून मोकळा होता. सरजाबाई रोज पाणी आणायच्या निमित्तानं तिकडून जायची आणि वाकून ढेकूळ फोडून बघायची. प्रेमला या सालीही बोलावते का, हा एकच प्रश्न तिच्या जिवाला लागला होता. बोलावलं तर हात हाय. न बोलावलं तर गिरणीवरची बाई खरी.

अशातच धर्माबादचा मल्लेश येणार असं ठरलं.

मल्लेशची तलवार टोळीतली सगळ्यात मोठी. काळी, नवव्या पायरीवरची. दहावी पायरी शेवटची. पण तिथं नियम वेगळा. नवव्यावरून दहाव्यावर जाताना घाव चुकला तर तलवार खाली येत नाही. ती मोडते. गेली म्हणजे गेलीच. आणि एवढी वर गेलेली तलवार दुसऱ्याच्या पेटीत देता येत नाही, मालकाच्या मोबाईलवरच राहते. म्हणून मल्लेशनं ठरवलं, मोबाईलच घेऊन अक्काच्या दारात जायचं. रेल्वेनं नांदेड, तिथून एसटीनं लोह्यावरून अहमदपूर, आणि तिथून काळीपिवळी जीप. एका बोटासाठी.

तो आला तेव्हा सकाळचं ऊन अंगणात अर्ध्यावर आलं होतं. जाड अंगाचा, कपाळाला गंध, खांद्यावर लाल मिरचीची पिशवी. तिचा ठसका आधी दारात आला आणि माणूस मागून.

"नमस्कार अक्का." तेलंगणाच्या सीमेवरचा माणूस, मोठ्या बहिणीला अक्का म्हणणारा. "मिरची आणली. आपल्या घरची हाय. जरा बेतानं टाका, नाहीतर पोरगा ट्रॅक्टर सोडून पळंल."

"बसा. चहा घ्या आधी. एवढ्या लांबनं एका बोटासाठी आलात?"

"लोक तिरुपतीला जातात अक्का, केस देऊन येतात. मी मिरची देऊन जातो."

अंगणात माणसं जमली. प्रेमलाबाईही आली आणि झाकलेलं घमेलं बाजूला ठेवून पायरीवर बसली. सरजाबाईनं तिला पाहिलं आणि तिचा हात आपोआप पदराखाली गेला. मल्लेशच्या मोबाईलमधून टोळीतले आवाज येत होते. सगळे ऐकायला थांबले होते.

"नऊवर बरी हाय की," सरजाबाई म्हणाली. "कामून दहा पाहिजे?"

"रविवारी मोठी लढाई हाय अक्का. समोरच्या टोळीच्या राजाचं चिलखत नऊनं कापत न्हाई. आम्ही तीनदा हरलोत."

"मोडली म्हणजे?"

"मोडली तर मोडली. दोन वर्षं लागली हो इथपर्यंत यायला. पण तुमच्या हातानं मोडली तर मला वाटंल, मोडायचीच होती."

हे ऐकून तिला धीर यायला पाहिजे होता. उलट ती जास्तच घाबरली. तिनं हात धुतले. वाकून माती घेतली, डाव्या हातानं कपाळाला लावली. मग उजवं बोट पुढं केलं आणि मध्येच थांबवलं.

"पुनम, तू दाब."

"आत्या, ते एवढ्या लांबनं आलेत."

प्रेमलाबाई पायरीवरून म्हणाली, "दाब की गं सरजा. माणूस ताटकळलाय."

सरजाबाईनं बोट टेकवलं.

ठण्. ठण्. ठण्.

घंटा वाजली नाही. पापड मोडावा तसा आवाज झाला. पडद्यावर काळे तुकडे विखुरले आणि विरून गेले. जिथं तलवार होती तिथं रिकामा चौकोन राहिला. मोबाईलमधून मात्र अमरेशचा आवाज येत राहिला, "मल्लेशभाऊ? झालं का? हॅलो? घंटा नाही ऐकू आली. हॅलो?"

मल्लेश त्या चौकोनाकडं बघत राहिला. मग हसला. "पाणी देता का जरा?" तो म्हणाला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "दगड खराब होता अक्का. तुमचं काही न्हाई."

आणि सरजाबाई भडकली. आमच्या गावानं तिला तसं भडकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"दगडाला नाव ठेवू नका! मागल्या साली बियाला कुणी नाव ठेवलं न्हाई. तेव्हा माझाच हात होता. आज तलवार मोडली तर दगड खराब. अन् परवा चिलखत वाढलं तर परत माझाच हात. अरे, एक काहीतरी धरा! हात हाय का न्हाई ते सांगा मला. असला तर ही कामून मोडली? नसला तर तुम्ही कशाला आलात?"

मल्लेश खाली मान घालून बसला. त्याला वाटलं, आपण काहीतरी गलत बोललो. त्यानं पिशवीतल्या मिरच्या उगाच सारख्या केल्या.

बोलली ती प्रेमलाबाई. "मागल्या सालचं कुणाला सुनावून राहिलीस तू? मला?"

"तुला न्हाई तर कुणाला? बोलावलंस का या साली?"

"बोलवायला दारात आले की तू उठून आत जातीस! परवा आले, तू चुलीपाशी गेलीस. काल आले, तर पुनम म्हणाली आत्या निजल्या. सकाळच्या पारी कुणी निजतं का? मी कुणाला बोलवू, तुझ्या दाराला?"

हे खरं होतं. प्रेमला येताना दिसली की सरजाबाईला वाटायचं, आता ही म्हणणार, या साली तू राहू दे, म्हणून ते ऐकायच्या आधीच ती आत निघून जायची.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू नको म्हणायला येतीस."

"नको म्हणायला कुणी घमेल्यात बी घेऊन येतं का? ऊठ. वापसा उडून चालला."

"आत्ता? आत्ताच तर तलवार मोडली माझ्या हातानं."

"माझ्याकडं तलवार न्हाई. हरभरा हाय."

शिवमनं ट्रॅक्टर सावलीला लावला होता. त्यालाच प्रेमलाबाईनं बैलांमागं धरून नेलं. तो कुरकुरला, पण गेला. मल्लेशची गाडी दुपारून होती, तोही मागं आला. बियाचं घमेलं त्यानंच उचललं. दोन वर्षांची तलवार गेलेला माणूस कसा चालतो, ते आम्ही त्या दिवशी पाहिलं. खाली बघून, ढेकळं चुकवत, जणू तुकडे तिथंच कुठं पडलेत.

रानात तिफण उभी राहिली. सरजाबाईनं माती कपाळाला लावली. ओटी बांधली. मूठ भरली आणि चाड्यावर धरली. पहिल्या चार पावलांत बी अडखळत पडलं. मग शिवमनं बैलांना हाळी दिली, नळ्यांतून दाण्यांचा आवाज येऊ लागला, आणि तो आवाज ऐकता ऐकता तिची मूठ परत आली. कुठून आली ते तिला कळलं नाही. ती नुसती चालत राहिली.

तुकड्याच्या कडेचा शेवटचा तास राहिला, तेव्हा मल्लेश पुढं आला. "अक्का, एवढा एक मला देता?"

"तुम्हाला मूठ येते?"

"मिरची मोजायला येते. हे काही येत न्हाई."

तिनं ओटीतलं उरलेलं बी त्याच्या उपरण्यात ओतलं. काय करायचं ते सांगितलं, पण हात धरला नाही. मल्लेशच्या मुठीतून बी कधी घळकन पडलं, कधी अडकलं. शिवम त्याच्याकडं बघून हसायचा आणि म्हणायचा, "मामा, राक्षसाला मारताव का पेरताव?" शेवटी मल्लेशच्या चेहऱ्यावर माती आणि घाम एक झाला आणि तो त्या दिवशी पहिल्यांदा खरं हसला. दुपारून तो गेला. रविवारची लढाई टोळी हरली.

पण त्यानंतर रोज दुपारी पुनमच्या मोबाईलमधून त्याचा आवाज यायचा, "अक्का, उगवलं का?"

"भुईला इचारा. मला कामून इचारताव?"

रोज ती जाऊन बघायची आणि रोज येऊन म्हणायची, अजून न्हाई. आणि मग एका सकाळी दव असताना ती आणि प्रेमलाबाई बांधावर उभ्या राहिल्या. हरभरा वर आला होता. तुकडाभर, सरळ, सारखा, काळ्या मातीवर हिरव्या दोऱ्यानं टाके घालावेत तसा. प्रेमलाबाईनं सरजाबाईच्या दंडाला चिमटा काढला. सरजाबाईनं वाकून एका कोंबाभोवतीची माती बोटानं मोकळी केली. मग ती कडेच्या तासाकडं गेली. तो मल्लेशचा तास. तिथं कुठं केसासारखं दाट होतं, कुठं हातभर मोकळं होतं. पण जिथं बी पडलं होतं तिथं ते उगवलं होतं, तिच्याइतकंच हिरवं, तिच्याइतकंच जोरकस.

ती तिथंच बसली.

"काय झालं?" प्रेमलाबाईनं विचारलं.

"माझ्या मनात होतं," सरजाबाई हळू म्हणाली, "की याचा तास उगवू नये."

"मेले! कामून गं?"

"मग कळलं असतं ना. माझा उगवला, त्याचा न्हाई. म्हणजे हात हाय. आता बघ. आता काय समजायचं?"

प्रेमलाबाईला हसू आवरेना. "हरभरा हाय असं समज," ती म्हणाली. "अन् चल, लेकरं उपाशी हायत."

त्या दुपारी सरजाबाई भाकरीचं पीठ मळत होती. ओसरीवरून पुनमनं मोबाईल तिच्याजवळ आणून ठेवला. मल्लेश बोलत होता. त्यानं नवी तलवार सुरू केली होती, साधी, चौथ्या पायरीवरची.

"अक्का, उगवलं म्हणे! पुनम सांगत होती."

"उगवलं. तुमचा तास बी उगवला."

"माझा? खरं?"

"वाकडा हाय. पण उगवला."

"अय्यो!" मल्लेश एवढ्या मोठ्यानं ओरडला की पुनमनं आवाज कमी केला. "मग अक्का, ही पाचवर घालायचीय. पुनमच्या पेटीत देतो, बोट लावता का?"

सरजाबाईनं पिठानं भरलेल्या हातांकडं पाहिलं. "तुमच्याच बोटानं दाबा."

"अन् तुम्ही?"

"मी ऐकते."

ती मळायची थांबली. पुनमही थांबली. मोबाईलमधून घणाचे घाव आले, धर्माबादच्या कुठल्यातरी मिरचीच्या दुकानातून. ठण्. ठण्. ठण्. आणि घंटा वाजली, आणि टोळीतले सगळे एकदम ओरडू लागले. त्या गलक्यात सगळ्यात मोठा आवाज विज्ञान शिकवणाऱ्या अमरेशचा होता, "झाली! अक्काच्या हातानं झाली!"

सरजाबाईनं दोन्ही हात वर केले. बोटांना पीठ चिकटलेलं होतं, अंगठ्यापासून मनगटापर्यंत.

"माझा हात तर पिठात हाय," ती म्हणाली.

पुनम हसत होती. "आत्या, सांगू का त्यांना?"

सरजाबाईनं विचार केला. अंगणात ऊन होतं, शेजारून प्रेमलाबाईची हाक येत होती, नाल्याकाठच्या मोकळ्या पट्टीत उद्या करडई टाकायचीय म्हणून, मूठ धरायला ये म्हणून.

"थांब जरा," ती म्हणाली. "मलाच अजून काय कळंना."

आणि तिनं प्रेमलाबाईला ओरडून सांगितलं, येते म्हणून.